चक्कर मले येते

बायांनो, आमची पेंग्विनच्या बेटांची सफर आज ठरली. पण अभिनंदन नका लिहू.

आमच्या नवरोबायले छोटंच जहाज पाहिजे होतं. त्याच्यातून रबराच्या बोटीत उतरवून थेट बेटावर नेतात. मोठ्या जहाजातून पेंग्विन लांबूनच पाहा लागते. पण बोटीत उतरायले हलती शिडी असते.

म्हणून सकाळी स्टील प्लांटचं जुनं हेल्मेट आन सेफ्टी शूज घालून हे शिडीनं गच्चीवरच्या टाकीवर चढले. म्हणे, "प्रॅक्टिस करतो." मले हसू आलं. कोक ओव्हनच्या भट्टीवर सारी नोकरी शिड्या चढण्यातच गेली यांची.

उतरताना मधातच थांबले. दम लागला होता, पाय खालची पायरी शोधून राहिला होता. "हात देऊ का?" म्हटलं, तर मान हलवून नाही म्हटलं. मग मी खालून त्यांचा एकेक पाय धरून पायरीवर ठेवला.

दुपारी यायनं ट्रॅव्हलवाल्याले फोन लावला. "मिसेस को चक्कर आता है, बड़ा जहाज कर दो."

मी बाजूलेच बसली होती.

तो म्हणे, "आंटी से पूछ लीजिए. टापू पर उतरने नहीं मिलेगा." यायनं फोन माझ्यापुढे धरला, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

मी म्हटलं, "हाँ भैया, मुझे चक्कर आता है."

हेल्मेट अजून टाकीपाशीच पडलं आहे.

हे या ग्रुपात नाहीत, म्हणून लिहिलं. घरी आल्या तर यांच्यासमोर मलेच विचारा, "आता चक्कर कशी आहे?" विचारसाल ना?