पुढचं अक्षर खाणारं बटण

परळच्या आमच्या टायपिंग सेंटरमध्ये किस्से जमवावे लागत नाहीत, टेबल पुसलं तरी दोन-तीन हाताला लागतात! त्यातले निम्मे एकट्या इन्सर्टच्या बटणाचे. चुकून बोट लागलं की मधे घातलेलं नवीन अक्षर पुढचं जुनं अक्षर खातं. कळतं तेव्हा अर्धी ओळ गेलेली असते.

सावंतकाका आमच्याकडे कामाला आले ते गिरणीच्या ऑफिसातली टाइपरायटरची सवय घेऊन. पहिल्याच आठवड्यात त्यांचा स्पीड पडला. चौथ्या दिवशी मी पाहिलं, मधे एक शब्द घातला की काका पुढची अख्खी ओळ पुन्हा टाइप करत होते! मी बटण दाबून दाखवलं. काका खुर्चीत मागे टेकले.

"अगो, आदी सांगूचा नाय? माका वाटला माझीच नजर गेली!"

मग परबकाकूंच्या मुलीची लग्नपत्रिका. निमंत्रक म्हणून काकूंचं नाव होतं. त्याच्या आधी यजमानांचं, 'कै. दत्ताराम परब' घालायचं होतं. मी घातलं, प्रूफ दिलं. काकूंनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"अगं, ते गेलेत. मी आहे ना अजून!"

पाहते तर काकूंचं नाव गायब, माझा चेहरा पडला. आधी हसल्या त्या काकूच.

त्या दिवशी मी ते बटणच उपटून ड्रॉवरमध्ये टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सावंतकाका कीबोर्डवर वाकलेले. "माझा बटण खंय?" फॉर्मात टिंबांच्या जागी नाव लिहायचं तर तेच लागतं म्हणे, ओळ हलत नाही! मुकाट्याने परत बसवलं.

आणि कांबळे सर. रिटायर्ड शिक्षक, मागच्या चाळीतले. मुलगा भांडून वडाळ्याला राहायला गेला, तेव्हापासून बोलणं बंद. त्याला पाठवायचं पत्र सरांनी तोंडी सांगून माझ्याकडून टाइप करून घेतलं होतं. एकच सलग परिच्छेद, पानभर राग. न्यायला मात्र आले नाहीत. आठ दिवसांनी उगवले.

"वर एक ओळ घालायचीय. मीच टाइप करतो."

एका बोटाने सुरू झाले. 'बाळा, तुझी पाठ कशी आहे?' आणि पुढच्या 'तुला आईबापाची लाज वाटते' मधलं एकेक अक्षर गायब! मी घाईने हात पुढे केला.

"सर, थांबा, पुढचं पुसलं जातंय!"

सरांनी स्क्रीनकडे नीट पाहिलं. "राहू दे."

मग नातीला दात आले का, तिकडे पाणी किती वाजता येतं, सूनबाईंची नोकरी कशी चाललीय... सर विचारत राहिले. मधेच थांबले.

"जुन्या किती ओळी उरल्या गं?"

"सहा, सर."

"मग अजून विचारतो."