आमचं एकुलतं एक गाजलेलं गाणं

आमच्या जोडीचं एकच गाणं गाजलं. बाकीची दहा-बारा आमच्या बायकांनासुद्धा पाठ नाहीत, आणि त्यांनी तरी का करावीत. मी जळगावात पाइप-फिटिंगचं दुकान चालवतो. माझा जोडीदार नरडाण्याला एका कारखान्यात शिफ्टवर जातो. धुळ्याला कॉलेजात असताना होस्टेलच्या गच्चीवर आम्ही दोघं अहिराणीत रॅप करायला लागलो. माझ्या घरात बोलायचे मारवाडी, त्यामुळे माझी अहिराणी त्यानेच दुरुस्त करून दिली. अजूनही कुणी स्टेजवर बोलावलं की टोप्या घालून जातो, ते एक गाणं म्हणतो आणि जेवून परत येतो.

तेही गाणं खरं तर आमच्यामुळे गाजलं नाही. ते गाजलं पाचोऱ्याच्या एका बँडमास्तरमुळे. रॅपला ताल असतो, चाल नसते, आणि बँडवाल्याला चाल लागते. कुठल्याशा नवरदेवाने हट्ट धरला की मोबाइलवरचं हेच गाणं वाजवा. मास्तरांनी दोनदा ऐकलं, म्हणाले, ह्यात वाजवायचं काय? नवरदेव ऐकेना. मग त्यांनी आमचा ताल तेवढा ठेवला आणि वर स्वतःच्या पदरची एक चाल चिकटवून दिली. झालं. त्या वर्षापासून फैजपूरपासून धुळ्यापर्यंत एकही हळद त्या चालीशिवाय लागत नाही. सगळ्या बँडवाल्यांनी ती उचलली. बोल मात्र कुणालाच नको होते, ते जागच्या जागी राहिले.

फैजपूरला एकदा आम्ही स्टेजवर ते गाणं पूर्ण म्हटलं. घाम पुसत होतो, तेवढ्यात एक गृहस्थ जवळ येऊन म्हणाले, "भाऊ, आता तुमचं ते फेमस गाणं होऊन जाऊ द्या." आता बोला. मी म्हटलं, आत्ता म्हटलं ते काय होतं? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच कुणाचं तरी गाणं ढापलंय. मग बँडवाल्यांनी चाल धरली आणि मांडव नाचायला लागला. आम्ही दोघं खुर्च्यांवर बसून पाहत राहिलो.

मला त्याचं काही वाटत नव्हतं. लोक नाचतात ना, मग नाचू देत. आमचं नाव होतं, दुकानात गिऱ्हाईक विचारतं, "तुम्हीच का ते?" पण जोडीदाराला ते लागायचं. कारण बोल त्याचे होते आणि खरे होते.

तो चौदा वर्षांचा असताना गावातल्या एका वरातीत ताशासमोर नाचत होता. त्याचे वडील, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो, त्या काळात फार कडक होते. नाचणं म्हणजे वाया गेलेल्या पोरांचं काम, असं त्यांचं म्हणणं. ते गर्दीतून आले आणि सगळ्या गावादेखत त्याच्या कानाखाली वाजवली. ताशा थांबला. आमचं गाणं म्हणजे एवढंच आहे: ती वरात, तो बाप, आणि त्या एका चापटीनंतर पोराच्या कानात राहिलेली शिट्टी. 'ताशा सांगस नाच, बाप सांगस बस' अशी सुरुवात आहे. आणि ह्या गाण्यावर अख्खा खानदेश नाचतो.

त्यात सगळ्यात पुढे नाना. हसू नका, खरं सांगतोय. उतारवयात माणूस पार बदलला. खांद्यावरचा टॉवेल हातात घेऊन ते मांडवाच्या मधोमध नाचतात आणि दिसेल त्याला सांगतात, "हाई गाणं मना आंडोरनं शे." माझ्या मुलाचं आहे म्हणून. बोल त्यांनी ऐकलेलेच नव्हते. एकदा आम्ही मोबाइल लावून दिला, तर अर्धं मिनिट ऐकून म्हणाले, "हाई गाणं शे का? हाई त भांडण शे. बँडवालं लाव." जोडीदाराने मोबाइल खिशात टाकला आणि शिफ्टला निघून गेला.

मागच्या उन्हाळ्यात त्याच्या धाकट्या भावाचं लग्न निघालं. तो दुकानात येऊन बसला आणि म्हणाला, "हळदीला बँड थांबवायचा आणि बोलांसकट म्हणायचं. नानांना एकदा समोर बसवून ऐकवायचंय. मग घराबाहेर काढलं तरी चालेल."

मी म्हटलं, "अरे, भावाची हळद आहे. दुसरा दिवस बघ."

"दुसऱ्या दिवशी ते बसणार नाहीत. हळद लागताना पाटावरून उठता येत नाही."

हे त्याने बरोबर हेरलं होतं. आमच्याकडे नवरदेवाबरोबर आईबापांनाही हळद लागते. मी नाही म्हणायला हवं होतं. पण इतकी वर्षं ज्याच्या बोलांवर मी मिरवलो, त्याला नाही कोणत्या तोंडाने म्हणणार?

हळद सकाळी दहाला होती. नाना आणि मावशी शेजारी शेजारी पाटावर, दोघांच्या गालांना हळद, नाना खुशीत. मावशी म्हणजे जोडीदाराची आई. मी कॉलेजपासून त्यांच्या हातचं खात आलोय. जोडीदाराने हात करून बँड थांबवला आणि माइक घेतला. नानांनी टॉवेल सावरला, त्यांना वाटलं आता धमाल. त्याने पहिली ओळ म्हटली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. चौथ्या ओळीला टाळ्या थांबल्या. मधलं कडवं माझं, विनोदी, ते मी कसंबसं म्हटलं आणि कुणी हसलं नाही. निम्मे पाहुणे पाणी प्यायला उठले. बायकांनी हळदीचे हात हवेतच धरले होते. तो मात्र एकेक शब्द सोडवून म्हणत होता, नानांकडे बघत, आणि 'एकच चापट' ही ओळ त्याने नेहमीपेक्षा दोनदा जास्त म्हटली. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

गाणं संपलं. नाना खाली बघत होते. पाटावरची सांडलेली हळद त्यांनी बोटाने एका जागी गोळा केली. मग मान वर न करता म्हणाले, "एक नही, दोन व्हत्यात."

जोडीदार म्हणाला, "काय?"

"दोन व्हत्यात. दुसरी तुले नही लागनी. तुनी माय मधमा उनी, तिले लागनी."

दुसरी मध्ये पडलेल्या मावशींना लागली होती; पाटाजवळ जे होते त्यांनी ते ऐकलं. जोडीदाराच्या हातातला माइक चालूच होता, त्यात त्याचा श्वास ऐकू यायला लागला. मी हात पुढे करून तो बंद केला. तो आईकडे वळला. "आई, खरं का?"

मावशींनी पदराने गालाची हळद टिपली. "तू रडी ऱ्हायंता," त्या म्हणाल्या, "तुले कसं दिसाव?" मग माझ्याकडे बघून, "जाय बेटा, पाहुणास्ले बट्टी वाढ. बठ्ठा उभा शेतस."

सगळे खरंच उभे होते. मी वाढायला गेलो. वरण-बट्टी वाढताना मनातल्या मनात मी आमचं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून पाहिलं. त्यात ताशा होता, बाप होता, गाव होतं, घोडासुद्धा होता. मावशी कुठेच नव्हत्या.