एक दगड राहू द्या

आमच्या शिवणवाल्या मावशीचा आवाज खणखणीत. तसा तो करावाच लागला होता. तिची थोरली बहीण टेकाडावरच्या वस्तीत राहायची, आणि मधल्या पायऱ्या ढासळल्यापासून ताईच्या गुडघ्यांना ती उतरण झेपत नव्हती. मावशी घसरत-धडपडत वर जायची तेवढीच भेट. एरवी एक वरून ओरडायची, दुसरी खालून. "जेवलीस का गं?" हे सगळ्या गल्लीला ऐकू जायचं. पण मनातलं दुखणं काही ओरडून सांगता येत नाही. ताईनं एकदा आपल्या घरी यावं, पाय पसरून बसावं, एवढंच मावशीला हवं होतं.

पायऱ्या दुरुस्त करा म्हणून केलेल्या अर्ज-विनंत्यांनी काही हललं नाही, तेव्हा मावशीनं कात्री खाली ठेवली आणि आपणच बांधू म्हणत दारोदार फिरली. रविवारी माणसं लोटली. पाववाल्यानं भट्टी विझवली, गवंडीदादा ओळंबा घेऊन आला. भाषणं झाली, गटाचा अध्यक्ष कोण यावरून रुसवेफुगवे झाले. मग सगळ्यांनी अंधार पडेपर्यंत दगड ओढले.

पुढच्या रविवारी आली दोनच माणसं, मावशी आणि गवंडीदादा. बाकीच्यांच्या कमरा धरल्या होत्या.

"नव्याचे नऊ दिवस असतात म्हणे," गवंडीदादा म्हणाला. "आपले एकातच आटोपले."

मावशी घरी येऊन मशीनपाशी बसली. तिची एक जुनी सवय होती. संध्याकाळी उठताना ती शिवण पुरी करायची नाही, सुई कापडातच ठेवायची. पुरं करून उठलं की सकाळी हात जड होतात. अर्धं राहिलं की हात आपसूक धावतात. हातांना लागू पडतं ते माणसांना का पडू नये?

मग तिनं पुन्हा माणसं गोळा केली आणि नवा शिरस्ता घातला. अध्यक्ष कुणीच नाही, आणि काम रंगात आलं की थांबायचं. थट्टामस्करीला ऊत आला की मावशी टाळी वाजवायची.

"पुरे आता. घरी जा."

"अहो मावशी, एकच दगड राहिलाय!" पाववाला कळवळायचा.

"राहू दे."

"हे भोक आठवडाभर डोळ्यांत खुपेल माझ्या."

"खुपू दे. रविवारी बुजव."

पाववाला येणाऱ्या गिऱ्हाइकाला त्या भोकाची कहाणी सांगायचा आणि रविवारी दोन गिऱ्हाइकं सोबत आणायचा. गवंडीदादा धुमसायचा, "अर्धं काम टाकून मला झोप येत नाही!" पण उजाडायच्या आत थापी घेऊन हजर. गट असा वाढत गेला. पायऱ्याही वाढत वाढत ताईच्या दारापाशी पोचल्या.

शेवटचा दगड उरला आणि सवयीनं मावशीनं टाळी वाजवली.

"पुरे काय, पुरे?" वरून ताई कडाडली. ती धुवट लुगडं नेसून उंबऱ्यात बसली होती. "माझ्या दारातच बरं सुचलं तुला!"

माणसं पोट धरून हसली. मावशीनं जीभ चावली, पदर खोचला आणि दगडाला स्वतःच हात घातला.

तो बसल्यावर ताई निघाली, गवंडीदादाच्या खांद्याला धरून, एकेक पायरी जोखत. मध्येच थांबली. "धरायला कठडा नको? का दर वेळी या बाप्याचा खांदा आणू?"

पाववाला लगेच खांब कुठं रोवायचे ते पाहू लागला. "रविवारी येतो," तो म्हणाला, आणि कठड्यावरून तिथल्या तिथं वादही जुंपला.

मावशीनं यातलं काही ऐकलं नाही. ती घराचं दार उघडायला केव्हाच पुढं धावली होती.