वैजापूर ते विद्यापीठ: अक्काच्या उपवासाचा जाब

माझी थोरली बहीण अक्का कॅन्सरनं गेली. केमो चालू असताना दाजी, म्हणजे तिचे यजमान, तिला दिवसदिवस नुसत्या पाण्यावर ठेवायचे. उपाशी राहिलं की पेशी स्वतःलाच खातात आणि गाठ विरघळते, असा व्हिडिओ त्यांनी पाहिला होता. अक्का धपाटं मागायची. मिळायचं नाही.

गेल्या आठवड्यात दाजींच्या बहिणीला, सुनंदाला, कॅन्सरचीच गाठ निघाली. त्यांनी तिलाही उपवास सांगितला. मी म्हटलं, चला संभाजीनगरला, जाणत्या माणसाला विचारू.

सकाळची एसटी बरी, बायकांना अर्धं तिकीट. गंगापूरला भजी गरम मिळतात. दाजींनी खाल्ली.

"घे की."

"अक्काला एक तरी दिलं असतं."

"लई टोचून बोलतीस तू."

वाळूजपासून ट्रकांची गर्दी. धुरामुळं खिडकी बंद ठेवावी लागते. विद्यापीठात कॅन्सरच्या पेशींवर काम करणाऱ्या एक मॅडम ओळखीतून भेटल्या. त्यांनी एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट धरलं.

"पेशीत बेक्लिन नावाचं प्रथिन असतं. त्याला दुसरं प्रथिन असं धरून ठेवतं. उपासमार झाली की पकड सुटते आणि पेशी स्वतःतलं जुनं सामान मोडून खाते."

"व्हय! हेच सांगत होतो," दाजी म्हणाले.

"पण वाढलेल्या गाठीत बरेचदा त्याचा फायदा गाठीलाच होतो. आपलंच भंगार खाऊन ती तग धरते. झिजतो तो पेशंट, आणि मग त्याला औषध झेपत नाही."

"मॅडम, या शोधाला तर मोठं बक्षीस मिळालंय!"

"शोधाला मिळालंय. उपवासाच्या उपचाराला नाही."

अक्का उपवासानंच गेली का, हे मी विचारलं. ते मला सांगता येणार नाही, असं मॅडम म्हणाल्या. खरं बोलल्या, पण माझ्या रागाला टेकायला जागा उरली नाही.

मकबरा तिथून जवळ आहे, तुम्ही जरूर बघा. आम्ही बघितला नाही. परतीच्या एसटीत दाजी खिडकीकडं तोंड करून बसले. वैजापूरच्या स्टँडवर उतरल्यावर मी फोन त्यांच्यापुढं धरला. "सुनंदाला सांगा."

त्यांनी नंबर लावला. मग म्हणाले, "सुनंदे, जेव बाई. डॉक्टर म्हणतील तसंच कर. माझं ऐकू नको."

संध्याकाळी माझ्या घरी मी धपाटी केली आणि दाजींपुढं ताट ठेवलं. त्यांनी हात लावला नाही. आमच्याकडं पाहुण्याला दोनदा तरी आग्रह करतात.

मी केला नाही.