हितसंबंध

नगरपरिषदेच्या निवडणुकीत आमचा प्रभाग महिलांसाठी राखीव झाला आणि आमच्या घरातून धाकटी जाऊ उभी राहिली. आम्ही दोघी सारख्याच शिकलेल्या, त्यात राज्यशास्त्र माझा विषय. पण सासरे म्हणाले, "हिला चारचौघांत बोलता येतं." ती निवडून आली तेव्हा आळीत पेढे मीच वाटले.

मग घरात नवे शब्द आले. गणपूर्ती झाली नाही म्हणून सभा तहकूब झाली, असं ती जेवताना सांगायची. माझ्याशी कधी केळीच्या भावापलीकडे न बोललेले सासरे हातातला घास तसाच धरून विचारायचे, "गणपूर्ती म्हणजे काय गं?"

"बाबा, ठरलेल्या संख्येइतके सदस्य हजर नसले तर सभा चालवता येत नाही."

मी पुढची भाकरी वाढायचे.

एकदा आमच्या केळीच्या वाडीतून जाणाऱ्या नव्या रस्त्याचा विषय सभेपुढे आला. सासऱ्यांनी बजावलं होतं, "विरोधात मत दे." मी मुद्दाम सभा बघायला गेले. विषय पुकारला तशी ती उठली. म्हणाली, "यात माझ्या कुटुंबाचा हितसंबंध आहे. मला चर्चेत आणि मतदानात भाग घेता येणार नाही." आणि सभागृहाबाहेर गेली. ठराव मंजूर झाला. मला आतून बरं वाटलं. आता घरी हिची खैर नव्हती.

सासरे ओटीवर वाट बघत होते. "बाहेर का गेलीस?"

"माझं मत बेकायदा ठरलं असतं, बाबा. पण जमीन तुमची आहे. मालक म्हणून तुम्ही हरकत घेऊ शकता."

त्यांनी वाडीकडे एक नजर टाकली. मग म्हणाले, "बरं केलंस. घरची केळी वाचवायला निवडून आली, असं कोणी म्हणायला नको."

एवढ्या वर्षांत माझ्या कुठल्याच गोष्टीला ते 'बरं केलंस' म्हणाले नव्हते.

संध्याकाळी ती स्वयंपाकघरात आली. "ताई, हरकतीचा मसुदा बघता का? तुमची भाषा चांगली आहे."

"भाकऱ्या व्हायच्यात अजून," मी म्हणाले.

तिने एकटीनेच लिहिला. सुनावणीनंतर रस्ता थोडा कडेला सरकला आणि वाडीतली विहीर वाचली. सासरे आल्यागेल्याला विहीर दाखवत आणि धाकट्या सुनेचं कौतुक सांगत. ते सुरू झाले की मी चहा टाकायला आत जात असे.