कटल्याच्या पोटात काय होतं

लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीपासून सासरे, म्हणजे आबा, मला दर रविवारी बिलावली तलावावर नेऊ लागले. मला मासेमारीतलं काही कळत नव्हतं, पण नवा जावई नाही कसा म्हणणार? आबांचे वाडवडील संस्थानच्या फौजेत होते. फौज गेली, घोडे गेले. आबांकडे मिशा आणि मरळ धरायचा नाद तेवढा उरला. मरळ म्हणजे लढवय्या मासा, असं ते अभिमानानं सांगत.

त्या वर्षी मात्र मरळ गळाकडे फिरकेचना. भोपाळचा मत्स्य विभाग दर पावसाळ्यात तलावात कटल्याची पिल्लं सोडू लागला होता. भलंमोठं डोकं, वर वळलेलं रुंद तोंड. आबांना गुन्हेगार सापडला.

"आमच्या हक्काची राजधानी भोपाळनं नेली, जाऊ दे. आता आमचे मासे खायला हे पाठवलेत!"

तलावावर विभागाचे साहेब भेटताच आबांनी मिशीला पीळ दिला. "भिया, तुमचा कटला आमचे मरळ खाऊन राहिला आहे."

"दादाजी, कटला के मुँह में दाँत ही नहीं होते."

"दात तर आमच्या आईलाही नव्हते. पूरी मुर्गी खायची!"

आता पुरावा हवा होता. आबांनी गळाला कणकेचा गोळा लावून काठी माझ्या हातात दिली. कटल्यानं असा हिसका दिला की मी चिखलात बसलो, पण काठी सोडली नाही. मल्हारगंजातल्या घरी निम्मी गल्ली जमली. सासूबाई विळी घेऊन बसल्या. कटल्याच्या पोटातून निघाला नुसता हिरवट गाळ.

"पुरावा पचवला बदमाशानं," आबा म्हणाले.

"अहो, पालक खाल्ल्यासारखं दिसतंय," सासूबाई म्हणाल्या.

पुढच्या रविवारी एकदाचा मरळ लागला. झुंज वगैरे काही नाही. ढेकर देत यावा तसा काठाला आला. सासूबाईंनी तो चिरला, तर आत कटल्याची पिल्लंच पिल्लं. एकाची शेपटी तर अजून मरळाच्या जबड्यातच होती.

"पोट एवढं भरलेलं," सासूबाई म्हणाल्या, "तुमच्या गळाची गांडुळं कशाला खाईल तो?"

आबांनी ते पिल्लू शेपटीला धरून वर उचललं. मग त्यांची छाती फुगली. "पाहिलंत, जावईबापू? भोपाळची अख्खी फौज फस्त केली पठ्ठ्यानं!"

ही खुशखबर त्यांनी जातीनं साहेबांना सांगितली. साहेबांचा चेहरा पडला. "फिर तो मरल ही निकालने पड़ेंगे. दादाजी, आप जितने चाहो, पकड़ो."

आयुष्यात पहिल्यांदा सरकारी परवानगी मिळाली आणि आबा अडून बसले. जेवत्या माणसाला ताटावरून उठवत नाहीत, म्हणाले. होळीपर्यंत त्यांनी फक्त कटला धरला आणि आम्ही त्याचाच रस्सा खाल्ला. आबा दोनदा वाढून घेत, पण मत बदललं नाही: "चव ठीक आहे. खानदान नाही."