या वायरी कोणी बांधल्या?

सकाळी डबे भरत असताना दारावर टकटक झाली. कॉम्प्युटरमधली धूळ काढणारे भाऊ आले होते. नऊ वर्षं हे काम त्यांच्याकडेच. मध्ये ते आजारी पडले, म्हणून आम्ही एकदाच दुसऱ्याला बोलावलं होतं.

भाऊंनी कॅबिनेटचं झाकण काढलं आणि ब्रश हातातच राहिला. आतल्या वायरी पट्ट्यांनी सुबक बांधलेल्या होत्या.

"हे कोणी केलं, वहिनी?"

मी खरं ते सांगितलं. त्यांनी पंख्यामागे बोट फिरवून काळं झालेलं बोट मला दाखवलं.

"नट्टापट्टा केलाय नुसता. आंघोळ घातलीच नाही."

मला हसू आलं, त्यांना नाही. सगळ्या पट्ट्या कापून त्यांनी त्याच वायरी पुन्हा तशाच बांधल्या.

निघताना म्हणाले, "पुढच्या वेळी मी आजारी असलो, तर आठवडाभर थांबा."